चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके

आमच्या पेडणे-डिचोलीच्या जत्रांतून दशावतारी मंडळी रात्र रात्र पुराणकथा रंगवितात. तशाच कथा पडद्यावर आणणारे धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांना या कलेचे वेड लागले. अतिश्रमाने काही काळ दृष्टी गेली, तरी वेड ओसरले नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले.

भांडवल मिळविण्यासाठी प्रथम त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले व अनेक दिवसांची वाढ क्षणार्धात घडवून दाखविली! पुढे घर हाच कारखाना झाला. पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. आम्हांस तर त्यांचे श्रम पतीच्या श्रमांहून उणे वाटत नाहीत. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. दशावतार पाहणाऱ्यांना यात नवल ते काय! रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. बोलपटांच्या युगात मात्र ते मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.