गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर : एक स्मरण

आपल्या मोहोळ परिसरातील कितीतरी मुले-मुली प्रारंभिक, प्रवेशिका ते विशारद अशा संगीत परीक्षांना बसतात. त्या परीक्षांमागे ज्या पुरुषाची तपश्चर्या उभी आहे, त्याचे डोळे बालपणीच अधू झाले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. कुरुंदवाड-मिरज हा मुलूख दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाला परका नाही. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्याने सुरांचा संस्कार घरातच लाभला. बालवयात शोभेच्या दारूचा चेहऱ्याजवळ स्फोट झाला, दृष्टीला जबर इजा पोहोचली आणि शालेय शिक्षण खुंटले. उपचारांसाठी मिरजेस नेलेल्या या मुलाच्या हाती पाटीऐवजी तंबोरा आला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी सुमारे नऊ वर्षे ग्वाल्हेर गायकीची कठोर साधना केली.

एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले, गुरूंना मात्र आले नाही, आणि हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला असे सांगतात. गवयाने संस्थानिकाच्या दारी हात जोडून उभे राहावे, हे त्यांना मानवले नाही. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली; त्या काळी ही गोष्ट धाडसाचीच होती. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. कुणा एका राजाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या मिळकतीवर ते चालले. कुलीन घरातील मुला-मुलींनी गाणे शिकावे हा विचारच ज्या समाजाला पचत नव्हता, त्या समाजात त्यांनी स्त्रियांनाही विद्यालयाचे दार उघडले. स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली आणि क्रमिक पुस्तके छापली. अधू दृष्टीच्या माणसाने पुस्तकांची परंपरा घडवावी, याचे नवल आम्हांस आजही वाटते.

१९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी शिष्यमंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली. गरीब विद्यार्थ्यांचे अन्नवस्त्रही तेच पाहात. परंतु मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना आणि अखेर ती वास्तू लिलावात गेली. आयुष्यभराची पुंजी डोळ्यांदेखत गेली, तरी त्यांनी गाणे थांबवले नाही. नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहून ते तुलसी-रामायणावर प्रवचन-कीर्तने करू लागले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी आक्षेप घेतला असतानाही त्यांनी ते गीत पूर्ण गायिले.

या कर्तृत्वामागे एक दुःख दडलेले होते, आणि चरित्रकार ते बहुधा एका ओळीत आटोपतात. पंडितजी व रमाबाई यांना बारा अपत्ये झाली, त्यांपैकी अकरा बालपणीच गेली. ज्याच्या घरी शिष्यांचा मेळा असे, त्याच्या स्वतःच्या अंगणात पाळणा पुन्हा पुन्हा रिकामा होत होता. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा वाचला. उतारवयात लाभलेल्या या पुत्राला सुरांची पहिली ओळख त्यांनीच करून दिली. पण तालीम पूर्ण करण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेत ते गाणे शिकले तेथेच त्यांचा देह विसावला. दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता.

त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आपल्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर नाव असते ते याच मंडळाचे. गुरूचे ऋण शिष्यांनी आणखी एका परीने फेडले. विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्राला शिकवले, आणि १९३५ मध्ये जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात चौदा वर्षांचा दत्तात्रेय प्रथमच गायिला. तेच पुढे पंडित द. वि. पलुस्कर म्हणून देशभर नावारूपास आले. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. त्यांची भजने मात्र आजही घरोघरी ऐकली जातात.