विद्यापीठाला ज्यांचं नाव, ते मूळचे शाळामास्तर : स्वामी रामानंद तीर्थ

नांदेड : नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या पोरापोरींच्या पदवीवर एक नाव छापलेलं असतं, स्वामी रामानंद तीर्थ. मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण त्याआधी ते खेड्यातल्या शाळेचे मास्तर होते, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. सोलापुरात शिकत असताना गांधीजींची असहकाराची हाक आली आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. शाळा सोडली, पण शिक्षण सोडलं नाही. राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमधून शिकत त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम.ए. पूर्ण केलं. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं.

हिप्परगा आणि अंबाजोगाई

१९२९ च्या सुमारास ते आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. गाव आडवळणाचं, संस्थेकडे पैसा नाही. तिथंच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले. भगवी कपडे घातली तरी ते मठात गेले नाहीत, वर्गातच राहिले. १९३५ नंतर अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्यांनी बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसोबत उभी केली. मराठवाड्यातले कितीतरी कार्यकर्ते याच शाळांतून तयार झाले.

त्या काळात गावाकडच्या पोराला पदवी घ्यायची म्हटलं तर अडचणींचा डोंगरच असायचा. निजाम राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. शिकवायची भाषा उर्दू. घरात मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला आधी परकी भाषा, मग लांबचं शहर, वर राहण्या-खाण्याचा खर्च. हुशार पोरं मधेच शाळा सोडून शेतात यायची.

वंदे मातरम् आणि अर्धवट शिक्षण

१९३८ साली स्वामीजी शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्याच वर्षी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून औरंगाबाद, हैदराबादच्या विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढलं गेलं. वर्ष वाया, शिक्षण अर्धवट. अशा वेळी नागपूर विद्यापीठानं दार उघडलं आणि शेकडो मुलं तिकडे गेली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. त्या दारामुळे एका पिढीचं शिक्षण वाचलं.

नांदेडला कॉलेज

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, स्वामीजी तुरुंगातून सुटले. मोठं पद मागण्याऐवजी त्यांनी पुन्हा शाळा-कॉलेजांकडे लक्ष दिलं. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीचं पीपल्स कॉलेज सुरू झालं. नावातच लोकांचं कॉलेज. ज्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं इथं आली. नरहर कुरुंदकरांनी इथंच शिकवलं आणि प्राचार्यही झाले. स्वामीजी दोनदा खासदार झाले, भूदानातही फिरले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं. मागं ना घर, ना शेती.

पदवी जवळ आली, पण...

आधी विद्यापीठ हैदराबादला. १९५८ मध्ये ते औरंगाबादला आलं. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडजवळ विष्णुपुरीला स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि लातूरलाही उपकेंद्र आलं. पदवी अशी टप्प्याटप्प्यानं गावाजवळ येत गेली.

तरी किनवट, मुखेड, देगलूर, निलंग्याच्या वाडी-तांड्यावरून निघणाऱ्या पोरीसाठी ती अजून लांबच आहे. २०२४ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींची फी माफ केली. ही मोठी गोष्ट आहे. पण एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. पुढं खोलीभाडं, मेस, पुस्तकं, सगळं घरच्यांच्या खिशातून. एक वर्ष सोयाबीन गेलं की पहिली गदा कॉलेजवर येते, त्यातही पोरीच्या. प्रवेश घेणं एक आणि तीन वर्षं टिकून पदवी हातात घेणं दुसरं.

स्वामीजींनी आयुष्यभर याच दुसऱ्या गोष्टीसाठी जीव लावला. जयंती-पुण्यतिथीला फोटोला हार घातला जातोच. त्या दिवशी गावातल्या एका तरी पोराचा किंवा पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मुदतीच्या आत भरून दिला, फी अडलेल्या एकाला परत वर्गात बसवलं, तर या मास्तरांचं काम खऱ्या अर्थानं पुढं जाईल.