शिक्षण १९०० साली पूर्ण, डिप्लोमा १९२२ साली : ब्रिटनच्या पहिल्या महिला व्हेटर्नरी सर्जन एलीन कस्ट यांची गोष्ट

आज व्हेटर्नरी कॉलेजच्या वर्गात मुली दिसल्या तर कुणाला नवल वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये एका बाईंनी हा कोर्स निवडला आणि त्यावरून प्रकरण थेट कोर्टात गेलं. त्या बाईंचं नाव एलीन कस्ट.

एलीन यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६८ चा, आयर्लंडमधल्या टिपेररी परगण्यातला. घराणं खानदानी. वडील सर लिओपोल्ड जमीनदारांच्या इस्टेटींचा कारभार बघायचे. घोडे आणि कुत्रे यांच्या संगतीत वाढलेल्या एलीनना जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. वडील लवकर गेले. मुलीचं हे खूळ घरात कुणाला पसंत नव्हतं. त्यांनी आधी लंडनमध्ये नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं, पण ते अर्ध्यात सोडलं.

आता प्रश्न होता कॉलेजचा. मुलीला प्रवेश देणार कोण? एडिनबरोमध्ये विल्यम विल्यम्स यांचं न्यू व्हेटर्नरी कॉलेज होतं. त्यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यावर एलीनना दार उघडलं. घरच्यांची अडचण नको म्हणून त्यांनी कॉलेजात ‘ए. आय. कस्टन्स’ असं नाव लावलं. अभ्यासात त्या इतक्या हुशार निघाल्या की प्राणिशास्त्रात सुवर्णपदक मिळवलं.

खरी मेख पुढे होती. शिकवायचं काम कॉलेजचं, पण परीक्षा घेऊन डिप्लोमा देण्याचा अधिकार लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सकडे. १८८१ च्या कायद्यानुसार तिथलं सदस्यत्व असल्याशिवाय स्वतःला ‘व्हेटर्नरी सर्जन’ म्हणवून घेता येत नव्हतं. १८९७ मध्ये रॉयल कॉलेजने बाई आहे म्हणून एलीनना परीक्षेला बसू दिलं नाही.

त्या एडिनबरोच्या कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं, रॉयल कॉलेज स्कॉटलंडमधलं नाही, त्यामुळे हा खटला आमच्या अधिकारात येत नाही. मूळ प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही. एलीन यांनी लंडनच्या कोर्टात जाण्याचा मार्ग सोडला, पण शिक्षण सोडलं नाही. १९०० मध्ये अभ्यासक्रम संपवून, विल्यम्स यांचं शिफारसपत्र घेऊन त्या आयर्लंडला परतल्या.

रॉसकॉमन परगण्यात विल्यम बर्न या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं. हातात डिप्लोमा नव्हता, पण गाई-घोड्यांवरचे उपचार गुण देत होते. शेतकऱ्यांना तेवढं पुरेसं होतं.

१९०५ मध्ये गॉलवे काउंटी कौन्सिलने त्यांची व्हेटर्नरी इन्स्पेक्टर म्हणून निवड केली. रॉयल कॉलेजने हरकत घेतली, कृषी खात्याने मंजुरी नाकारली. कौन्सिलने पुन्हा त्यांनाच निवडलं. शेवटी मजेशीर तोडगा निघाला. काम तेच राहिलं, पण पदाच्या नावातला ‘व्हेटर्नरी’ हा शब्द काढून टाकला. १९१० मध्ये बर्न वारल्यावर दवाखान्याचा कारभारही एलीन यांच्याकडे आला.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. तेव्हा सैन्याचा मोठा भार घोड्यांवर होता. एलीन फ्रान्सला गेल्या आणि जखमी-आजारी घोड्यांच्या सेवेत राबल्या.

युद्धानंतर १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. बाई आहे म्हणून कुणाला व्यवसायातून वगळायचं नाही, असं ठरलं. रॉयल कॉलेजला नमतं घ्यावं लागलं. युद्धातली सेवा लक्षात घेऊन एलीनना फक्त शेवटची परीक्षा द्यायला सांगितलं. २१ डिसेंबर १९२२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांना डिप्लोमा मिळाला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या त्या पहिल्या अधिकृत महिला व्हेटर्नरी सर्जन ठरल्या.

पण तोवर उमेदीची वर्षं सरली होती. दोनेक वर्षांतच त्या निवृत्त झाल्या आणि इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये राहायला गेल्या. जानेवारी १९३७ मध्ये जमैकाला मित्रमंडळींकडे गेल्या असताना त्यांचं निधन झालं.

जाताना त्यांनी मृत्युपत्रात संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे ठेवले होते. ते ठेवले रॉयल कॉलेजकडेच, ज्याने त्यांना एका परीक्षेसाठी पंचवीस वर्षं ताटकळत ठेवलं होतं.