पाच दिवसांचा निर्णय, तेरा वर्षांची तयारी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनात कसोटीचे प्रसंग अनेक आले. तथापि सप्टेंबर १९३२ मधील पाच दिवसांइतका बिकट प्रसंग क्वचितच आला असेल. वेळ थोडा, दडपण अफाट आणि परिणाम कोट्यवधी माणसांच्या भवितव्यावर होणारे! अशा वेळी नेता आणि त्याचे सहकारी निर्णय कसा घेतात, हे जाणून घ्यायचे तर त्या दिवसांच्याही मागे जावे लागते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी व भीमाबाई यांच्या पोटी जन्मलेले भीमराव कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकले. मागणी करण्यापूर्वी आकडे आणि पुरावे हाताशी ठेवण्याची सवय त्यांनी आयुष्यभर जपली. जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या राजकीय प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी दोन्ही वाटा स्पष्ट केल्या होत्या: प्रौढ मताधिकार मिळत असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, तो मिळत नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ. गोलमेज परिषदेत त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व केले.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांचा जातीय निवाडा प्रसिद्ध झाला. अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा, त्या जागांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत मिळाले. हा हक्क हाती येतो न येतो तोच येरवडा तुरुंगात असलेल्या गांधीजींनी स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबरपासून आमरण उपोषण आरंभिले. देशाची नजर बाबासाहेबांवर खिळली. धमकीची पत्रे येऊ लागली. गांधीजींच्या जिवाचे बरेवाईट झाले असते तर गावोगावच्या निःशस्त्र अस्पृश्य वस्त्यांना त्याची झळ सोसावी लागण्याचा धोका होता. त्यांच्या स्वतःच्या समाजातही एकमत नव्हते. डॉ. सोळंकी त्यांच्या बाजूस होते, तर एम. सी. राजा व पी. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते.

या गदारोळात बाबासाहेबांनी घाईने होकार दिला नाही आणि संतापाने चर्चाही मोडली नाही. मिळालेला हक्क सोडायचा तर त्याच्या मोबदल्यात काय मिळणार, याची निश्चित योजना समोर ठेवा, असा आग्रह त्यांनी मुंबईच्या बैठकीतच धरला. पुढे बोलणी पुण्यात आली. सर तेजबहादूर सप्रू यांनी प्राथमिक निवडणुकीची कल्पना सुचविली: राखीव जागेसाठी आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी काही उमेदवार निवडावेत आणि त्यांतून एकाची निवड संयुक्त मतदारांनी करावी. बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली आणि जागांच्या संख्येसाठी प्रांतवार वाटाघाटी केल्या. राखीव जागांची पद्धत केव्हा संपावी, या मुद्द्यावर बोलणी फिसकटण्याची वेळ आली, तेव्हा तो प्रश्न पुढील परस्परसंमतीवर सोपविण्यात आला.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा, मध्यवर्ती विधिमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा आणि प्रत्येक प्रांतात अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी रकमेची तरतूद या गोष्टी त्यात आल्या. दोन दिवसांनी ब्रिटिश सरकारने मान्यता दिली आणि उपोषण सुटले.

बाबासाहेबांनी या कराराला विजय मानले नाही. अंतिम निवड संयुक्त मतदारांच्या हाती गेल्याने सवर्ण बहुसंख्येला रुचेल तोच प्रतिनिधी निवडून येतो, हा दोष त्यांनी १९४५ मधील आपल्या ग्रंथात परखडपणे दाखविला आणि १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा केली. परिस्थितीच्या रेट्याखाली घेतलेला निर्णय त्यांनी पाळला; परंतु त्याची चिकित्सा कधी थांबविली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

करार योग्य होता की अयोग्य, याची चर्चा आपल्या समाजात आजही होते आणि ती व्हावीही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या पाच दिवसांत उपयोगी पडलेले आकडे, पर्याय आणि युक्तिवाद त्या पाच दिवसांत जमविलेले नव्हते. त्यांच्यामागे तेरा वर्षांचा अभ्यास होता. वसतिगृहाच्या दिव्याखाली शिकून बाहेर पडलेल्या आपल्यापैकी अनेकांवर आज घरच्या, संस्थेच्या, समाजाच्या निर्णयांची जबाबदारी आहे. संकट पूर्वसूचना देऊन येत नाही. अभ्यास मात्र आजपासून करता येतो.