परचुरेशास्त्री : हरपलेली संवेदना, जपलेला माणूस

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात सेवाग्रामचे स्थान स्वातंत्र्यलढ्यामुळे अढळ आहे. कुष्ठसेवेच्या इतिहासातही या भूमीला तितकाच मान आहे आणि त्याचे मोठे श्रेय जाते ते एका रुग्णाकडे. संस्कृतचे व्यासंगी पंडित परचुरेशास्त्री हे त्यांचे नाव.

साबरमती आश्रमाशी संबंध आलेले शास्त्रीबुवा १९३२ साली राजबंदी म्हणून येरवड्याच्या तुरुंगात होते. कुष्ठरोगामुळे त्यांना इतर कैद्यांपासून दूर ठेवलेले होते. महात्मा गांधीही तेव्हा तेथेच होते. पण भेटीची परवानगी मिळेना, म्हणून दोघांत पत्रव्यवहार चाले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजींच्या ऐतिहासिक उपवासाची सांगता झाली, तेव्हा उपनिषदांतील मंत्र म्हणण्याचा मान शास्त्रीबुवांना मिळाला. सुटकेनंतर मात्र आजार बळावला. समाजाने पाठ फिरवली आणि १९३९-४०च्या सुमारास, आता येथेच देह ठेवावा या निश्चयाने, ते सेवाग्रामला आले.

या आजारात शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. मज्जातंतूच्या पातळ पटलाच्या आत पोटॅशिअमचे, तर बाहेर सोडिअमचे आयन अधिक असतात. पटलातील सूक्ष्म पंप दर खेपेस तीन सोडिअम बाहेर टाकतो व दोन पोटॅशिअम आत घेतो. हा असमतोल आणि पटलातून सतत पाझरणारे पोटॅशिअम यांमुळे आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋणभारित राहते. चटका बसला की पटलातील दारे उघडतात, सोडिअम आत घुसतो आणि क्षणभर हा भार उलटा होतो. दारे पुन्हा मिटेपर्यंत शेजारची दारे उघडलेली असतात. विजेची ही लाट अशी पुढे सरकत मेंदूच्या दिशेने जाते व माणूस हात मागे घेतो.

योगायोग असा, की ब्रिटनमध्ये हॉजकिन व हक्सले यांनी माकूळ या समुद्री जिवाच्या जाड मज्जातंतूत तार घालून या लाटेचा विद्युतदाब मोजला तो १९३९ मध्येच. १९५२ मध्ये त्यांनी तिचे गणित मांडले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठजंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींतच ठाण मांडतो. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, त्यामुळे कोपर, मनगट, चेहरा येथील कातडीलगतच्या नसांना प्रथम इजा होते. वेष्टन गेले की लाट मंदावते आणि तंतूच नष्ट झाला की ती थांबते. उष्णता व वेदना कळेनाशी होते. बोटे जंतूमुळे गळून पडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा व भाजलेले भाग चिघळत जातात आणि त्यातून ती झिजतात.

सेवाग्रामात गांधीजींनी आपल्या निवासाजवळच शास्त्रीबुवांसाठी कुटी बांधवली. रोज स्वतःच्या हातांनी ते त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करीत. या मालिशने गेलेली संवेदना परतणे शक्य नव्हते. पण ज्या जखमा रुग्णाला जाणवत नाहीत त्या दुसऱ्याने रोज पाहणे, धुणे हा वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच उपाय होता. शास्त्रीबुवाही केवळ सेवा घेणारे राहिले नाहीत. आश्रमीयांना ते संस्कृत शिकवीत. गांधीजींनी पुढे आपल्या विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेचा समावेश केला.

विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले होते. आजार पुन्हा वाढल्यावर शास्त्रीबुवा तेथे गेले आणि १९४५ मध्ये तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

दैवदुर्विलास असा, की सल्फोन गटातील गुणकारी औषधे त्यानंतर अवघ्या काही वर्षांत भारतीय रुग्णांपर्यंत पोहोचली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना झाली. तेथे डॉ. वार्डेकर यांच्या पुढाकाराने घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार ही त्रिसूत्री आकाराला आली. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि आजार पूर्ण बरा होऊ लागला. २००५ अखेरीस, दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण या निकषावर, देशाने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर केले. तरीही नवे रुग्ण आढळणे थांबलेले नाही.

औषध जंतू मारते; पूर्णपणे नष्ट झालेला मज्जातंतू मात्र ते परत आणू शकत नाही. म्हणूनच बधिर चट्टा दिसताच तपासणी करणे महत्त्वाचे ठरते. शास्त्रीबुवांच्या काळी लवकर निदान होऊनही हाती औषध नव्हते. आज ते सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. आड येते ती केवळ भीती आणि लपवाछपवी.