विष, वीज आणि म्वासाँ

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख देणार असं मी रूमवर सांगितलं तेव्हा मैत्रिणी पोट धरून हसल्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा लेख मला लिहायचाच होता. कारण मे महिन्यातल्या ट्रेनिंगमध्ये घडलं.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत मी ट्रेनिंगला होते. एका सोमवारी मला स्टोअरमधून फेरोसिलिकॉनचं सॅम्पल आणायला पाठवलं. शनिवारी रात्री वळवाचा पाऊस झाला होता, पत्रा गळत होता आणि खालची पोती ओली झाली होती. दार दोन दिवस बंद. उघडताच लसणासारखा वास आला. मला वाटलं कुणाचा तरी डबा आत राहिलाय! मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात मागून मामांनी माझा हात धरून मला बाहेर ओढलं. मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने कामगार. दार आणि खिडक्या सताड उघडून त्यांनी तासभर कुणालाच आत जाऊ दिलं नाही. ओल्या पोत्यांपाशी जायचं नाही, एवढंच ते सांगत होते. का, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. पूर्वी त्यांच्या एका सोबत्याला असंच स्टोअरमध्ये चक्कर येऊन उचलून आणावं लागलं होतं, तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

आणि मला? मेटलर्जीच्या पेपरात फेरोसिलिकॉनचे उपयोग मी पाठ केले होते. पोलादातला ऑक्सिजन काढून टाकतं, बिडात इनॉक्युलंट म्हणून घालतात, वगैरे. पाच मार्कांचा प्रश्न! पण ते पाण्यात भिजलं तर काय होतं, हे माहीत नव्हतं. कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीत शोधायला बसले आणि तिथे भेटला आंरी म्वासाँ. आपण सगळे त्याला मोइसान म्हणतो, पण फ्रेंच उच्चार म्वासाँ असा आहे म्हणे.

म्वासाँचा जन्म पॅरिसमध्ये २८ सप्टेंबर १८५२ रोजी झाला. वडील रेल्वेच्या कंपनीत नोकरीला, आई शिवणकाम करायची. १८६४ मध्ये कुटुंब मो या गावी राहायला गेलं. तिथल्या शाळेत तो शिकला, काही काळ घड्याळजीच्या हाताखालीही होता. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं, कुटुंब पुन्हा पॅरिसला आलं. विद्यापीठात जायला लागणारं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याची ॲडमिशनच होत नव्हती. मग तो औषधाच्या दुकानात कामाला लागला. तिथे असताना आर्सेनिकची विषबाधा झालेल्या एका माणसाचा जीव त्याने वाचवला. आर्सेनिक हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

नोकरी सांभाळून त्याचं शिकणं चालूच होतं. फ्रेमी या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याला प्रवेश मिळाला आणि १८७४ मध्ये राहिलेली शालान्त परीक्षाही तो पास झाला. त्याचं सुरुवातीचं संशोधन लोखंड, क्रोमियम आणि त्यांच्या ऑक्साइडांवर होतं. लोखंडाची अगदी बारीक पूड हवेत नुसती सांडली तरी पेट घेते, त्याचाही त्याने अभ्यास केला. लोखंडाचा गज पेटत नाही आणि त्याचीच पूड पेटते, हे आपण वर्कशॉपमध्ये कधी मनावर घेतो का?

१८८२ मध्ये लेओनी ल्युगाँ हिच्याशी त्याचं लग्न झालं. याच सुमारास तो फ्लोरीनच्या मागे लागला. फ्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते मोकळं कुणालाच करता आलं नव्हतं. आयर्लंडचे नॉक्स बंधू या नादात हायड्रोफ्लोरिक आम्लाने गंभीर आजारी पडले. बेल्जियमचा लुयेत आणि फ्रान्सचा निक्लेस यांनी प्राण गमावले. म्वासाँलाही विषबाधेमुळे अनेकदा काम थांबवावं लागलं. शेवटी २६ जून १८८६ रोजी प्लॅटिनमच्या यू आकाराच्या नळीत थंड केलेल्या हायड्रोजन फ्लोराइडमधून त्याने वीज सोडली आणि फ्लोरीन वायू मिळवला.

पुढची गंमत आपल्या प्रॅक्टिकल परीक्षेसारखी आहे. ॲकॅडमीचे मोठे शास्त्रज्ञ प्रयोग बघायला आले आणि नेमका तेव्हाच प्रयोग फसला! म्वासाँने पाहुण्यांसाठी म्हणून आम्ल जास्तच शुद्ध केलं होतं. शुद्ध आम्लातून वीज वाहत नाही, त्यात थोडं पोटॅशियम फ्लोराइड लागतं. ते मिसळून पुन्हा प्रयोग केला आणि जमला. यानंतर पॅरिसच्या फार्मसी स्कूलमध्ये त्याला प्राध्यापकपद मिळालं. विषय होता विषशास्त्र!

१८९२ मध्ये त्याने विजेची भट्टी पुढे आणली. दिसायला अगदी साधी. चुन्याचे दोन ठोकळे, मधे पोकळी आणि दोन बाजूंनी कार्बनचे इलेक्ट्रोड. मधे आर्क पेटली की तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या पुढे जायचं. जे धातू त्यांच्या ऑक्साइडमधून सहजासहजी निघत नव्हते, ते क्रोमियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम या भट्टीतून निघू लागले. कार्बाइड आणि सिलिसाइड तर त्याने ढिगाने तयार केले. १८९३ मध्ये त्याने कृत्रिम हिरे बनवल्याचाही दावा केला, पण तो टिकला नाही. मात्र त्याच वर्षी उल्केच्या तुकड्यांत त्याला सापडलेले बारीक स्फटिक पुढे सिलिकॉन कार्बाइडचे निघाले आणि त्या खनिजाला मॉइसनाइट हे नाव मिळालं.

आता मुद्द्यावर येते. पूर्वी झोतभट्टीत फेरोसिलिकॉन व्हायचं, पण त्यात सिलिकॉन १०-१५ टक्क्यांच्या आसपासच असायचं. विजेच्या भट्ट्या कारखान्यांत आल्या आणि ५० टक्के, ७५ टक्के सिलिकॉनचं फेरोसिलिकॉन मिळू लागलं. पोलादवाल्यांची चांदी झाली. म्वासाँने स्वतः कारखाना काढला नाही, पण या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव पुढे आहे. आपल्या चंद्रपूरचा फेरोमँगनीजचा कारखानाही विजेच्या भट्ट्यांवरच चालतो.

१९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल म्वासाँला मिळालं. फ्लोरीन आणि विजेची भट्टी ही दोन कामं त्यासाठी धरली होती. आवर्तसारणीवाला मेंडेलीव्ह त्याच वर्षी स्पर्धेत होता आणि राहून गेला. स्टॉकहोमहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, २० फेब्रुवारी १९०७ रोजी, म्वासाँ ५४ व्या वर्षी वारला. विषारी वायूंनीच त्याचा बळी घेतला असं लिहिलं तर लेख भारी होईल, पण खरं कारण अपेंडिसायटिस होतं. त्याचा एकुलता एक मुलगा लुई १९१४ च्या महायुद्धात मारला गेला.

म्वासाँच्या मृत्यूला दोन वर्षंही झाली नव्हती. डिसेंबर १९०८ मध्ये ॲश्टन नावाची बोट अँटवर्पहून इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बीला निघाली. बोटीवर फेरोसिलिकॉन होतं आणि घरदार सोडून निघालेले गरीब रशियन प्रवासीही होते. त्यांच्यातले पाच जण वाटेतच मेले. आधी कॉलऱ्याचा संशय आला. चौकशीत कळलं की कारण होतं मालातून निघालेला वायू.

होतं असं. या मिश्रधातूत कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमबरोबर थोडं फॉस्फरस आणि आर्सेनिकही असतं. पाणी किंवा नुसती दमट हवा लागली की हायड्रोजन, फॉस्फिन आणि आर्सिन हे वायू निघू शकतात. हायड्रोजनचा स्फोट होतो, फॉस्फिन विषारी आहे आणि आर्सिन रक्तातल्या लाल पेशी फोडतो. ५० टक्क्यांच्या आसपासचा माल तर ठिसूळ असतो, नुसता ठेवला तरी त्याचा भुगा होऊ शकतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. ज्या म्वासाँने पोरवयात आर्सेनिकच्या तावडीतून एकाला सोडवलं, त्याच्याच भट्टीच्या वारशातून आर्सेनिक पुन्हा बाहेर आलं. हे वाचताना मला त्या स्टोअरचं दार आठवलं आणि अंगावर काटा आला.

आज ३० ते ९० टक्के सिलिकॉनचं फेरोसिलिकॉन बोटीने पाठवताना त्यावर यूएन १४०८ हा धोक्याचा नंबर असतो. पण फाउंड्रीतल्या माणसाला नंबरापेक्षा सवयी उपयोगी पडतील. माल कोरडा, जमिनीपासून उंच आणि खेळत्या हवेत ठेवायचा. बंद स्टोअर उघडल्यावर आधी हवा खेळू द्यायची, गॅस मोजायचं यंत्र असेल तर मोजूनच आत जायचं. वासावर भरवसा नको, कारण वास येण्याआधीच घातक प्रमाण झालेलं असू शकतं. बारीक पुडीजवळ ठिणगी नको, तोंडाला मास्क हवा. आग लागली तर पाणी अजिबात नाही, कोरडी वाळू टाकायची. आणि ओला तुकडा वितळलेल्या धातूत कधीच टाकायचा नाही, पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो.

म्वासाँ आपल्या प्रयोगाला किती घाबरत होता ते मला माहीत नाही, पण आपण काय हाताळतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी मी मामांना वायूंची नावं सांगितली. त्यांनी दोनदा म्हणून घेतली आणि स्टोअरच्या दारावर मराठीत लिहून दे म्हणाले. मी खडूने लिहून आले. अक्षर वाईट होतं, पण वाचता येत होतं.

आपल्या फाउंड्री शॉपमध्येही कोपऱ्यात फेरोसिलिकॉनचा एक डबा आहे. पुढच्या बॅचला विनंती, जॉब झाल्यावर त्याचं झाकण घट्ट लावा आणि पावसाळ्यात तो खिडकीखाली ठेवू नका.