जखमी बॅकला सेंटर फॉरवर्ड करणारे हैदराबादचे मास्तर

‘मैदान’ सिनेमा 2024 मध्ये आला, अजय देवगणनं भूमिका केली आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव नव्या पोरांच्या कानावर गेलं. हैदराबादच्या जुन्या फुटबॉलवाल्यांना मात्र ‘रहीम साब’ सांगायला सिनेमा लागत नव्हता. खरं तर सीमाभागातल्या आपल्या लोकांनाही लागायला नको होता. रहीम साब घडले ते निजामाच्या हैदराबाद राज्यात, आणि नांदेड, परभणी, बीदर, आदिलाबाद तेव्हा त्याच एका राज्यात होते.

रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा, हैदराबादचाच. उस्मानिया विद्यापीठाच्या संघाकडून ते खेळले, पण पोटापाण्याचा धंदा मास्तरकीचा. काचीगुडा, चादरघाट इथल्या शाळांत त्यांनी शिकवलं. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद सांभाळलं आणि 1950 मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले.

मास्तरकी त्यांनी मैदानावरही सोडली नाही. त्या काळी आपल्याकडं फॉरवर्ड म्हणजे चेंडू पायाशी घेऊन दोघा-तिघांना चकवणारा गडी. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, पण गोल व्हायचाच असं नाही. रहीम साबांनी ड्रिबलिंगलाच बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की लगेच द्यायचा, दिला की मोकळ्या जागेत पळायचं. ज्या पायानं नीट खेळता येत नाही, फक्त त्याच पायानं खेळायचं, अशाही स्पर्धा घेतल्या. यात साधं गणित होतं. उजव्याच पायाचा फॉरवर्ड कुठं वळणार हे समोरच्या बॅकला आधीच कळतं. दोन्ही पाय चालायला लागले की बॅकचा अंदाज चुकतो. शाळेत कच्चा विषय पक्का करून घेतात, तसाच हा प्रकार.

याचं फळ मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप हैदराबाद पोलिसांनी नेला. कलकत्त्याच्या मातब्बर क्लबांचा दबदबा असलेल्या काळात हे झालं, हे विसरून चालणार नाही.

देशाच्या संघाचीही जबाबदारी त्यांच्याकडं आली. 1951 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं 10-1 असं झोडपलं. आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

पोरं हेरण्यात रहीम साबांचा हात धरणारा कुणी नव्हता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा. सरावाला शहरात यायचं तर जाण्यायेण्याचे पैसे नाहीत. रहीम साबांनी सायकलच्या भाड्याचे पैसे आपल्या खिशातून दिले. हाच बलराम पुढं भारताच्या सर्वात नावाजलेल्या फॉरवर्डपैकी एक झाला.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला, तेलंगणा आंध्रला. त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झालं. एक डिसेंबरला भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. रहीम साबांनी कर्णधार समर बॅनर्जीला जरा मागं ओढलं आणि पुढं ठेवला नेव्हिल डिसोझा. हा मूळचा बार्देशातल्या आसगावचा गोवेकर, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. मागं सरकलेल्या समरला अडवायला बॅक पुढं आला की त्याच्या पाठीमागची जागा नेव्हिलसाठी मोकळी. नेव्हिलनं तीन गोल ठोकले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सामना 4-2 असा जिंकून भारत उपांत्य फेरीत गेला. तिथं युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच, पण शेवटी 4-1 अशी हार. कांस्यपदकाचा सामना बल्गेरियानं 3-0 असा घेतला. चौथा नंबर आला, आणि ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण आजवर गेलेलो नाही.

1960 च्या रोममध्ये फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी साधली, पण गटातून पुढं जाता आलं नाही.

मग आलं 1962 चं जकार्ता. सुरुवातच दक्षिण कोरियाकडून 0-2 अशा पराभवानं झाली. थायलंडला 4-1 हरवलं, पण त्या सामन्यात जर्नेलसिंग या तगड्या बॅकचं डोकं फुटलं, टाके घालावे लागले. जपानला 2-0 असं नमवलं. टाके घातलेल्या खेळाडूला दुसरा कुणी प्रशिक्षक बाकावर बसवता. रहीम साबांनी त्याला उपांत्य सामन्यात चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. यात जुगार होताच, आणि तो लागला नसता तर त्यांना कुणी माफ केलं नसतं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध 3-2 अशा विजयात दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामीचे, एक जर्नेलचा.

चार सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर. इस्रायल आणि तैवानला न बोलावण्यावरून भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी बोलले होते, त्यामुळं इंडोनेशियात भारताविरुद्ध वातावरण तापलेलं. सेनायन स्टेडियमवरची लाखभर माणसं भारताच्या नावानं हुर्यो करत होती. आपल्या बाजूनं ओरडत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ! पी. के. बॅनर्जीनं पहिला गोल केला. थोड्याच वेळात दुसरा, आणि तो डोक्याला टाके असलेल्या जर्नेलचा. कोरियाचा गोल अगदी शेवटी आला. 2-1. सुवर्ण भारताचं.

या धावपळीत रहीम साबांना कॅन्सरनं ग्रासलं होतं. जकार्ताहून आल्यावर त्यांनी अंथरूण धरलं आणि 11 जून 1963 ला ते गेले. वय 53. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

त्यांच्या माघारी आंध्र प्रदेशनं 1965-66 ची संतोष ट्रॉफी जिंकली, पण पोलीस संघाचा जुना दरारा ओसरत गेला. आशियाई स्पर्धेचं फुटबॉल सुवर्ण 1962 नंतर भारताला मिळालेलं नाही. 1970 मध्ये बँकॉकला कांस्य आलं, तेव्हा कर्णधार होता हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन आणि प्रशिक्षकांमध्ये होते जकार्ताच्या अंतिम सामन्यात पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी.